वेल्लोर : पुन्हा उभ्या राहणाऱ्या संसारांचे गाव

चेन्नईहून बंगळुरूकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुमारे १३० किलोमीटर अंतर कापले की काटपाडी हे मोठे स्थानक लागते. वाचकहो, कधी या वाटेने जाण्याचा योग आला तर येथे उतरणाऱ्या प्रवाशांकडे जरा लक्ष देऊन पाहावे. काखेत क्ष-किरण चित्रांचे भले मोठे पाकीट सांभाळणारी माणसे आपल्याला जागोजाग दिसतील. कोणी बंगालमधून आलेले असते, कोणी आसामातून, कोणी झारखंडातून. तमिळ कोणाला येत नाही. पण 'वेल्लोर' हा एक शब्द साऱ्यांना येतो, आणि तेवढ्या शब्दाच्या आधारावर ही माणसे दोन-दोन दिवसांचा प्रवास करून आलेली असतात.

काटपाडीहून वेल्लोरला जाताना पालार नदी ओलांडावी लागते. नदी म्हणावयाची ती नावाला. वर्षाचा बहुतेक काळ तिच्या पात्रात वाळूच दिसते. या गावाविषयी तिकडे एक जुनी म्हण आहे, ती अशी की, येथली नदी पाण्याविना, डोंगर झाडांविना, किल्ला राजाविना आणि देऊळ देवाविना. उन्हाळ्यात तापलेल्या कातळी टेकड्यांकडे पाहिले म्हणजे म्हणीतला उपहास खरा वाटू लागतो.

किल्ला मात्र पाहण्यासारखा आहे. विजयनगरच्या काळातील हा भुईकोट सबंध काळ्या पाषाणात बांधलेला असून त्याच्या भोवती रुंद खंदक आहे. मराठी वाचकाला हा किल्ला परका नाही. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ साली, शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्याला वेढा घातला आणि पुढच्या वर्षी तो मराठ्यांच्या हाती आला. त्याच्या खंदकातील सुसरींचे आणि जवळच्या डोंगरावरील साजरा व गोजरा या दोन गडांचे वर्णन सभासदाच्या बखरीत आले आहे. पुढे टिपू सुलतानाच्या पाडावानंतर त्याच्या कुटुंबीयांना याच किल्ल्यात ठेवले होते. आणि १८०६ च्या जुलै महिन्यात कंपनी सरकारच्या हिंदी शिपायांनी येथेच बंडाचा झेंडा उभारला, सत्तावनच्या आधी अर्धे शतक. आतील जलकंठेश्वराच्या देवळातील कोरीव मंडप पाहून कोणाचीही पावले थबकतील. हे देऊळ दीर्घकाळ खरोखरच देवाविना होते. १९८१ साली तेथे लिंगाची पुन्हा स्थापना झाली आणि म्हणीचा तेवढा भाग खोटा ठरला.

परंतु आज वेल्लोरला येणारे बहुसंख्य लोक किल्ल्यासाठी येत नाहीत. किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे रुग्णालय आहे. १९०० साली आयडा स्कडर या अमेरिकन डॉक्टर बाईंनी एका खाटेच्या दवाखान्याने त्याचा आरंभ केला. १९१८ साली त्यांनी स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. १९४७ पासून तेथे पुरुष विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळू लागला. आज रुग्णालयाभोवतीच्या गल्ल्यांत उतारूंची निवासगृहे दाटीवाटीने उभी आहेत, आणि तमिळ मुलुखातील या बाजारात हिंदी व बंगाली पाट्या वाचावयास मिळतात.

आपल्याला मात्र या गर्दीतून बाहेर पडून गावाच्या दक्षिणेस, बागायम या भागाकडे जावयाचे आहे. तेथे या रुग्णालयाची एक निराळी शाखा आहे. तिला पुनर्वसन संस्था म्हणतात. पाठीच्या कण्याला इजा होऊन ज्यांचे पाय, आणि कित्येकांचे हातसुद्धा, निकामी झाले आहेत, अशी माणसे येथे दुसऱ्यांदा जगावयास शिकतात.

खुर्चीत बसलेल्या डॉक्टर

या संस्थेची कथा तिच्या संस्थापिकेच्या कथेहून वेगळी काढता येत नाही. डॉ. मेरी वर्गीस या मूळच्या केरळच्या. वेल्लोरच्याच महाविद्यालयात शिकून त्या डॉक्टर झाल्या. १९५४ साली, त्या ऐन उमेदीच्या वयात असताना, सहकाऱ्यांबरोबर सहलीला निघाल्या असता त्यांची मोटार उलटली. चेहऱ्याला गंभीर दुखापत झाली, आणि पाठीचा कणा दुखावल्यामुळे कमरेखालचे सारे शरीर लुळे पडले. शस्त्रक्रिया करण्याचे ज्यांचे स्वप्न होते, त्यांना आता कुशीवर वळण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागू लागला.

त्याच रुग्णालयात डॉ. पॉल ब्रँड हे शल्यविशारद कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून त्यांना पुन्हा कामाजोगे हात मिळवून देत होते. हाताची शस्त्रक्रिया बसूनही करता येते, ही साधी गोष्ट त्यांनी मेरी वर्गीस यांच्या ध्यानात आणून दिली. पोटाच्या शस्त्रक्रियेला डॉक्टरने उभे राहावे लागते. हात मेजावर ठेवला की डॉक्टर खुर्चीत बसलेला असला तरी चालते. चाकाच्या खुर्चीत बसून त्या शस्त्रक्रियागृहात गेल्या आणि कुष्ठरोगाने गमावलेले हात दुरुस्त करू लागल्या.

येथवर ही एका धीराच्या बाईची गोष्ट झाली. पण त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. प्रथम ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रुग्ण म्हणून आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत विद्यार्थिनी म्हणून त्यांनी एक नवे शास्त्र आत्मसात केले. जे गेले ते परत आणण्याचे हे शास्त्र नव्हते. जे उरले आहे त्याचा पुरता उपयोग करून माणसाला त्याच्या घरी आणि कामावर परत पोहोचविण्याचे होते. परदेशात त्यांना नोकरी करून सुखाने राहता आले असते. त्या वेल्लोरला परतल्या, या विषयाचा विभाग त्यांनी हाती घेतला आणि १९६६ साली बागायमची संस्था सुरू झाली. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८६ साली त्यांचे निधन झाले. आज संस्थेला त्यांचेच नाव आहे.

इजा कशी होते, आणि पुढे काय होते

पाठीच्या मणक्यांच्या पोकळीतून मेंदूपासून कमरेपर्यंत एक नाजूक दोर उतरलेला असतो. त्याला मज्जारज्जू म्हणतात. मेंदूची आज्ञा स्नायूंना आणि त्वचेची वार्ता मेंदूला याच वाटेने जाते. हा रज्जू मानेत चिरडला तर हात व पाय दोन्ही जातात. पाठीत किंवा त्याखाली चिरडला तर हात शाबूत राहून पाय जातात. आपल्या देशात या अपघातांची कारणे ओळखीचीच आहेत. ताडामाडावरून किंवा आंब्यावरून पडणे, कठडा नसलेल्या गच्चीवरून पडणे, विहिरीत कोसळणे, बांधकामाची परात सुटणे आणि रस्त्यावरील वाहनांची टक्कर ही त्यांतली मुख्य. म्हणजे बहुतेक वेळा पडतो तो घरचा कर्ता माणूस, आणि त्याच्याबरोबर त्याचा संसारही पडतो.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे रुग्ण फार दिवस जगत नसत. मृत्यू येई तो मोडलेल्या कण्यामुळे नव्हे, तर एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या दूषित विकारांनी. १ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा जखमी सैनिकांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलावयाची, हा त्यांचा दंडक होता. एवढ्याशा दंडकाने आणि मूत्राशयाच्या काटेकोर निगेने मरणारी माणसे जगू लागली. जगणाऱ्यांनी नुसते पडून राहू नये म्हणून २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी १६ जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. आजच्या पॅरालिंपिक सामन्यांचे मूळ त्या दिवसात आहे. १९६० साली रोम येथे भरलेले सामने त्या मालिकेतील पहिले मानले जातात.

एका दिवसाचे शिक्षण

अशा संस्थेत काय शिकवितात असे आपण विचाराल, तर त्याचे उत्तर फार साधे आहे. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री अंथरुणावर पाठ टेकेपर्यंतचा एक दिवस तेथे शिकवितात.

पहिला धडा कातडीचा. कमरेखाली संवेदना नसते. आपण खुर्चीत बसल्या बसल्या नकळत सारखी चुळबूळ करतो. शरीरच आपल्याला ती करावयास लावते. या माणसाला त्याचे शरीर काही सांगत नाही. म्हणून त्याने घड्याळाला आपली कातडी मानावयाची. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर भार देऊन क्षणभर अंग उचलावयाचे, किंवा एका बाजूस झुकावयाचे. रोज आरशाच्या साह्याने माकडहाड, कुल्ले आणि टाचा तपासावयाच्या. कोठे लाली दिसली, तर ती जाईपर्यंत त्या जागेवर भार द्यावयाचा नाही. उन्हात तापलेला लोखंडी बाक, चुलीतला निखारा, कढत पाण्याची बादली यांपासून विशेष जपावयाचे, कारण चटका बसला तरी कळणार नाही. एक व्रण भरावयास कित्येक महिने लागतात, आणि तितके महिने सारे शिक्षण खोळंबून राहते.

दुसरा धडा मूत्राशयाचा. या विषयावर घरात उघड बोलण्याची आपल्याला सवय नाही. पण माणसाचे घराबाहेर पडणे, प्रवास, नोकरी आणि प्रत्यक्ष आयुष्यही यावरच अवलंबून आहे, म्हणून तो येथे टाळता येत नाही. १९७२ साली अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिले की, ठराविक वेळी स्वच्छ हातांनी स्वतःच नळी घालून मूत्राशय रिकामे करावे व नळी काढून घ्यावी. नळी कायमची आत ठेवण्यापेक्षा हे पुष्कळ हितकर आहे. दर चार-सहा तासांनी हे काम रुग्ण स्वतः करू लागला की त्याला पुन्हा बसमध्ये बसता येते, लग्नाला जाता येते, कचेरीत आठ तास काम करता येते. मलशुद्धीचीही वेळ अशीच बांधून घेतात. ज्या दिवशी या दोन गोष्टींसाठी पत्नीला किंवा आईला हाक मारावी लागत नाही, त्या दिवशी रुग्णाच्या चेहऱ्यावर जो पालट दिसतो, तो औषधाने होण्यासारखा नसतो.

तिसरा धडा हालचालीचा. पाय गेले तर त्यांचे काम खांद्यांना करावे लागते, म्हणून आधी खांदे आणि दंड बळकट करतात. मग खाटेवरून खुर्चीत सरकणे. मधे एक गुळगुळीत फळी ठेवली की हे सुलभ होते. त्यानंतर खुर्चीतून शौचकूपावर, खुर्चीतून जमिनीवर आणि जमिनीवरून पुन्हा खुर्चीत. हा शेवटचा प्रकार आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे, कारण आपला संसार जमिनीच्या पातळीवर चालतो. जेवण पाटावर, निजणे सतरंजीवर, भाजी चिरणे विळीवर. ज्याला जमिनीवर उतरता येते आणि चढता येते, तो आपल्या माणसांच्या पंगतीत बसू शकतो. काहींना पायांना कॅलिपर बांधून, दोन समांतर दांड्यांमध्ये उभे करून, हातांच्या जोरावर पावले टाकावयास शिकवितात. त्याचा शरीराला लाभ होतो. पण लांबचे अंतर काटावयास चाकाची खुर्चीच बरी, हे बहुतेकांना पुढे उमजते.

आणि येथेच या शिक्षणातील सर्वांत अवघड क्षण येतो. "माझे पाय परत कधी येणार?" हा प्रश्न रुग्ण विचारतो, त्याच्याहून अधिक वेळा त्याच्या घरची माणसे विचारतात. इजा अपुरी असली तर काही शक्ती परत येते, आणि ती कशी येते हे पहिल्या काही महिन्यांत बरेचसे कळून येते. पण रज्जू पुरता तुटला असेल, तर तो पुन्हा जोडणारे औषध आजही नाही. हे ऐकल्यावर कित्येक कुटुंबे गावोगावचे वैद्य, मांत्रिक आणि जाहिरातींतील चमत्कार यांच्या पाठीमागे लागतात. शेत विकले जाते, दागिने जातात, आणि या धावपळीत अंथरुणावरच्या माणसाला शय्याव्रण होते. पायांची वाट पाहता पाहता माणूस हातचा जातो. चालणे म्हणजेच जगणे, ही समजूत सुटली की मगच दुसरे आयुष्य सुरू होते. आणि ती सुटणे रुग्णापेक्षा त्याच्या आप्तांना अधिक जड जाते.

माया आणि स्वावलंबन

रुग्णाजवळ घरचे कोणीतरी राहते, ही आपल्या देशाची रीत. परदेशी रुग्णालयाला जे काम पगारी परिचारिकेकडून करून घ्यावे लागते, ते येथे आई, पत्नी, भाऊ करतात. ही आपली मोठी शक्ती आहे. परंतु तिच्यात एक धोकाही दडलेला आहे. मुलाने सदरा घालावयास घेतला, एका बाहीसाठी त्याला पाच मिनिटे लागत आहेत, हे आईला पाहवत नाही. ती पुढे होऊन सदरा घालून देते. त्या दिवसाचे काम लवकर झाले खरे. पण मुलगा सदरा घालावयास शिकला नाही. म्हणून अशा ठिकाणी आप्तांनाही एक धडा घ्यावा लागतो. हात पाठीमागे बांधून जवळ उभे राहण्याचा. वाचकहो, मायेच्या माणसाला याहून कठीण असे दुसरे काम सांगता यावयाचे नाही.

घरी परतण्याआधी घराचाही विचार करावा लागतो. उंबरठा काढावा लागतो. दार निदान ऐंशी सेंटिमीटर रुंद हवे, म्हणजे खुर्ची आत जाते. पायरीच्या जागी उतार बांधावयाचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरावी, नाहीतर खुर्ची मागे घसरते. ओटा खाली आणला की गृहिणीला बसून स्वयंपाक करता येतो. शौचालयात भिंतीला धरावयास एक दांडा पुरतो. यांतील पुष्कळ कामे गावातील गवंडी आणि सुतार थोड्या खर्चात करू शकतात.

मग पोटाचा प्रश्न. ताडावर चढणारा पुन्हा ताडावर चढणार नाही. पण शिवणकाम, दुरुस्तीची कामे, दुकान, शिकवणी, हिशेब, संगणकावरील काम हे सारे बसून होते. एका काळी डॉ. मेरी वर्गीस यांना जो प्रश्न विचारला गेला, तोच येथे प्रत्येकाला विचारावयाचा असतो : बसून काय करता येईल? उत्तर प्रत्येकाचे निराळे. पण उत्तरच नाही असा माणूस विरळा.

दाराबाहेरचा रस्ता

एवढे सारे शिकून माणूस घरी गेला आणि त्याच्या गावच्या शाळेला, बँकेला, पंचायतीच्या कचेरीला चार-चार पायऱ्या असल्या, तर त्याचे शिक्षण दारातच अडते. येथे व्यक्तीचे कर्तव्य संपते आणि समाजाचे सुरू होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने सार्वजनिक इमारती व वाहने सर्वांना वापरता येतील अशी करण्याचे बंधन घातले आहे आणि सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. कायदा झाला; आता उतार बांधावयाचे आहेत. आपल्या गावातील किती दारांतून चाकाची खुर्ची आत जाईल, हे एकदा आपणच मोजून पाहावे.

वेल्लोर हे असे एकच स्थान आहे असे मात्र समजू नये. मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ पासून शारीरिक पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. पुण्याजवळ खडकी येथे कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. तमिळनाडूतच, दक्षिणेकडील आयकुडी गावी, १९८१ साली स्थापन झालेले अमर सेवा संगम खेड्यापाड्यांतून हे काम करते. त्याचे संस्थापक एस. रामकृष्णन हे १९७५ साली नौदलाच्या निवडचाचणीत पडून मानेपासून खाली लुळे झाले होते. दिल्लीतील पाठीच्या कण्याच्या इजांचे रुग्णालय उभारणारे मेजर हरिपालसिंग अहलुवालिया यांनी २९ मे १९६५ रोजी एव्हरेस्टचे शिखर गाठले होते. त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागून ते खुर्चीला खिळले, आणि २०२२ साली मृत्यू येईपर्यंत कामात राहिले. त्याच युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली जर्मनीतील हायडलबर्ग येथे पोहण्याच्या शर्यतीत भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

ही नावे मोठी आहेत. पण वेल्लोरला गेल्यावर मनात राहतात ती बिननावाची माणसे. बागायमला वर्षातून एकदा जुन्या रुग्णांचा मेळावा भरतो. गावोगावी परतलेली माणसे त्या निमित्ताने पुन्हा येतात, तपासून घेतात, खेळतात, गातात आणि एकमेकांची खुशाली विचारतात. नुकताच जखमी होऊन आलेला, छताकडे डोळे लावून पडलेला तरुण जेव्हा दहा वर्षांपूर्वीचा आपल्यासारखाच रुग्ण स्वतःची खुर्ची हाकीत आपल्या खाटेशी आलेला पाहतो आणि त्याच्या तोंडून दुकानाच्या, मुलांच्या शाळेच्या, छपराच्या डागडुजीच्या गोष्टी ऐकतो, तेव्हा कोणत्याही डॉक्टरने न दिलेले उत्तर त्याला मिळते.

आपल्या ओळखीत, शेजारात, नात्यात असा एखादा माणूस असेल. त्याला पाहावयास जाल तेव्हा "पायांत काही फरक आहे का?" असे विचारू नये. "सध्या काय काम करता?" असे विचारावे. आणि त्याला अजून कोणी हे शिक्षण दिले नसेल, तर त्याच्या घरच्यांना अशा एखाद्या संस्थेचा पत्ता द्यावा, व शक्य झाल्यास तेथवर सोबत करावी. वेल्लोरची नदी अजून कोरडी आहे आणि टेकड्या उघड्या आहेत. परंतु त्या गावातून दरवर्षी किती संसार पुन्हा उभे राहून आपापल्या गावी परततात, हे पाहिलेला प्रवासी ती जुनी म्हण पुन्हा उच्चारणार नाही.